लेकीच्या गावात बाहेरचं जेवण

अल्मोड्याची तिकिटं निघाली त्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी जावयाला फोन लावला. तब्येत विचारली नाही, थंडी किती पडलीय तेही विचारलं नाही. विचारलं काय, तर, "दीवानजी, तुम्हारे बाज़ार में खाने का अच्छा होटल कौन सा है? तुम्हारा छोड के."

आता जावयाचं स्वतःचं भोजनालय आहे. चार टेबलांचं का असेना, पण आहे. जावई पट्टीचा स्वयंपाकी, आमची सुषमा त्याच्या जोडीला दिवसभर चुलीपाशी उभी, आणि सासरेबुवा विचारतात, दुसरीकडे कुठे चांगलं मिळतं. मी हातातलं लाटणं तसंच धरून ह्यांच्याकडे बघत राहिले. तिकडे दीवान बिचारा हसला आणि म्हणाला, "पापाजी, आप आइए तो सही. पूरा अल्मोड़ा खिला देंगे."

ह्यांच्या प्रश्नाचं कारण आमच्या खानदेशातली एक जुनी रीत. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता ही कोण पाळतं? सुरतेला आमच्या पांडेसऱ्याच्या सोसायटीत सगळी धुळ्या-नंदुरबारकडची माणसं. त्यातली निम्मी लेकीकडे जाऊन यथेच्छ जेवतात आणि येताना डबा भरून आणतात. शेजारच्या प्रमिलाबाई तर लेकीकडे महिना महिना मुक्काम ठोकतात. पण आमचे श्रीरंगराव म्हणजे एकदा धरलं की धरलं. लग्नानंतर दोन वर्षं सुषमा सुरतेतच कतारगामला राहायची. हे तिच्याकडे जाताना घरून पाण्याची बाटली भरून न्यायचे. तासभर गप्पा मारायचे, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचे आणि उठायचे. पोर चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी. मीही रीत पाळते, म्हणजे ताटावर बसत नाही. ह्यांची पाठ वळली की लेकीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या काय हवं ते तोंडात टाकते. देवाला उभ्याने खाल्लेलं दिसत नसावं.

मला वाटायचं, हा सगळा ह्यांचा ताठा आहे. दीवान रिंग रोडवरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता, सुषमा जवळच साड्यांच्या पॅकिंगला जायची, तिथे दोघांचं जुळलं. पहाडातला परजातीचा मुलगा म्हणून ह्यांनी आधी वर्षभर तोंड फुगवून घेतलं होतं. नंतर असे काही विरघळले की आता मुलाला, संदीपला, महिन्यातून एकदा फोन आणि जावयाला रोज. तरी जेवणाचा हट्ट काही सुटला नाही. पाच वर्षांपूर्वी ती दोघं अल्मोड्याला गेली, दीवानच्या गावी, आणि तो विषय आपोआप मागे पडला. एवढ्या लांब जातंय कोण?

मग मागच्या उन्हाळ्यात सुषमाचा फोन आला. हे गच्चीवर होते. पोरगी म्हणाली, "माय, आमनं डॉक्टरनं बंद करं आम्ही. हलद्वानी व्हयनं, दिल्ली व्हयनं. त्यास्नी सांगी दिधं, लेकरू व्हनार नही. आते आम्ही दोन्हीच." ती शांत होती, रडले मी. बरंच रडून झाल्यावर तिने मला बजावलं की आप्पांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांना कळलं तर ते सप्तशृंगीपासून सुरू करून मिळेल त्या देवाला नवस बोलत सुटतील, आणि तिला आता कुणाच्या नवसाची वाट बघायची नव्हती. मी कबूल झाले.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "पन माय, म्हंजे आप्पा मना हातनं कधीच खावाव नहीत ना?"

पोटी मूल नाही हे तिने गिळलं होतं, पण बाप आपल्या घरी कधीच जेवणार नाही हे तिच्या घशात अडकलं होतं. त्याच आठवड्यात मी ह्यांच्या मागे लागले. दिवाळीच्या वेकेशनमध्ये मिल बंद असते, सगळी सुरत कुठे ना कुठे जाते, आपण लेकीकडे जाऊ. हे साठी उलटल्यावरही मिलमध्ये जातात. डाईंगमध्ये रंग-मास्तर म्हणून आयुष्य गेलं, कपड्याच्या तुकड्याशी शेड जुळवण्यात ह्यांचा हात धरणारा अजून मिळालेला नाही, म्हणून शेठ सोडत नाही. हे म्हणाले, "जाऊत. पन जेवानं भायेर." मी म्हटलं, आधी पोचा तर खरं.

गाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि प्रमिलाबाईंनी दिलेली शेव यांवर आम्ही काठगोदाम गाठलं. तिथून जीप. पहिल्या दहा वळणांत ह्यांच्या चेहऱ्याची शेड अशी काही बदलली की जुळवायला त्यांनासुद्धा जमली नसती. वर पोचलो तेव्हा समोर बर्फाचे डोंगर उन्हात चमकत होते आणि हे रस्त्याच्या कडेला बसून लिंबू हुंगत होते. सुषमा धावत आली. बापाच्या गळ्यातच पडली. अंगाने भरलीय, गाल लाल झालेत, बोलताना मध्येच पहाडी शब्द टाकते. मला ती सुखी दिसली. खरं सांगते, मला तेवढ्यानेच निम्मं बरं वाटलं.

खाली भोजनालय, वर दोन खोल्यांचं घर, मध्ये दगडी पायऱ्या. सुषमाने जमिनीवर पाट मांडून ठेवले होते. ताटं झाकलेली. घरभर तुपाचा वास.

"आप्पा, हात धुई ल्या."

ह्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, टॉवेलला पुसलं आणि म्हणाले, "नही वं पोर. तुले माहीत शे ना. तू बस, तुनी माय बठी तुनाजोडे. मी बजारमा जाई येस."

दीवान हात जोडून म्हणाला, "पापाजी, नीचे टेबल पर बैठ जाइए. मैं बिल दे दूँगा, बस?" त्यावर हे म्हणाले, "होटल भी तुम्हारा, घर भी तुम्हारा. एक ही बात हुई." आणि खरंच पायऱ्या उतरून गेले. आता मला सांगा, त्या घरात झोपायला चालतं, त्या घरची रजई चालते, त्या घरच्या बंबातलं गरम पाणी अंघोळीला चालतं. फक्त पोटात काही जायला नको. मी रागारागाने मागे गेले, कारण अनोळखी गावात ह्यांना एकटं सोडलं तर कुणाशीही भांडून येतील.

अल्मोड्याचा बाजार म्हणजे डोंगराच्या पाठीवर आडवी गेलेली फरशीची लांब गल्ली. गाड्या नाहीत, दोन्ही बाजूंना लाकडी नक्षीची जुनी दुकानं. हे भुकेने कासावीस झाले होते, पण बघणं सुटत नव्हतं. मिठाईच्या दुकानात बाल मिठाई पाहिली. खवा भाजून भाजून गडद केलेला, त्यावर साखरेचे पांढरे दाणे चिकटवलेले. तर आधी वडी उजेडात धरली. "कॉफी ब्राऊन," म्हणाले, "एकदम पक्का रंग," आणि मग खाल्ली. मग एका गाड्यावर बटाट्याचे गुटके घेतले, कोरडे, लाल मिरचीत परतलेले. सोबत हिरवट चटणी. कशाची विचारलं तर गाडीवाला म्हणाला, "भांग की." ह्यांनी चमचा खाली ठेवला. आयुष्यात विडी ओढली नाही माणसाने. गाडीवाला समजावतोय, बाबूजी, बियांची असते, चढत नाही, इथली लहान पोरंसुद्धा खातात. हे ऐकेनात. मी प्लेट ओढली आणि सगळी चटणी चाटून खाल्ली. माझ्या तोंडाकडे हे बराच वेळ बघत होते. मी शुद्धीवर आहे अशी खात्री पटल्यावर म्हणाले, "एक प्लेट और दो."

असे आम्ही दीड दिवस फिरलो. काकडीच्या रायत्यात वाटलेली मोहरी असते, ती ह्यांच्या नाकात गेली आणि डोळ्यांतून निघाली. झंगोऱ्याची खीर खाताना ह्यांना शोध लागला की ही आपली एकादशीची भगर आहे, आणि भगरीची खीर होते हे आपल्या माणसांना सुचलं कसं नाही, म्हणून माझ्यावरच चिडले. गहत म्हणजे आपला कुळीथ, मंडुवा म्हणजे आपली नागली. प्रत्येक ओळख पटली की ह्यांना नातेवाईक भेटल्यासारखा आनंद. एरवी मी हसून हसून मेले असते. पण दर जेवणाला घरातून निघताना भोजनालयासमोरून जावं लागायचं, आणि तिथे सुषमा तव्यापाशी उभी असायची. ती बघायची. हे मान खाली घालून पुढे जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या भोजनालयात बसले होते. एक म्हातारे गिऱ्हाईक सहज म्हणालं, "दीवान के ससुर आए हैं ना? कल से ऊपर वाले बाज़ार में ही खाते दिख रहे हैं. यहाँ का पसंद नहीं आया क्या?" दीवानने हसून काहीतरी सांगून वेळ मारून नेली. सुषमा पाठ फिरवून पीठ मळायला लागली. तिचे खांदे हलताना मला दिसले. मी उठले, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मला जे सुचलं ते बोलून टाकलं. तुझा बाप बाजारात जेवतो ना? मग बाजारात तुझं जेवण पाठव.

सुषमा म्हणाली, "माय, हाई फसवनं व्हयनं."

मी म्हटलं, व्हऊ दे. तुना बाप खाई आनी तू दखशी, तेवढं बास.

गल्लीच्या वरच्या टोकाला किसनदाचं जेवणाचं छोटं दुकान आहे. हा दीवानचा लांबचा भाऊ. बायको हलद्वानीला गेलेली, त्यामुळे दुकान कसंबसं चाललेलं. दीवानने त्याला सांगितलं, दोन दिवस पापाजींपुरतं जेवण आमच्याकडून येईल, तू फक्त वाढ. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, किसनदाकडे अस्सल पहाडी मिळतं म्हणे, चला. मागच्या गल्लीने दीवान डबे घेऊन आमच्या आधी पोचला होता. मला तर लग्नात रुखवत मांडताना चढते तशी मजा चढली होती. पश्चात्ताप वगैरे काही नाही. आजही नाही.

पहिल्या घासाला हे थांबले. भटची चुड़कानी होती. भट म्हणजे तिकडचं काळं कडधान्य, त्याची दाट आमटी. ह्यांनी वाटी उजेडाकडे तिरपी केली. "काळी दिखस, पन खालतून बॉटल ग्रीन शे," म्हणाले. मग गप्प होऊन जेवले. दोनदा भात घेतला. किसनदाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई, पूरे बाज़ार में तुम्हारे जैसा किसी के हाथ में नहीं." किसनदा भोळा माणूस. तो माझ्याकडे बघून लाजला. मी डोळे वटारले.

घरी आलो तर सुषमा पायरीवर वाट बघत होती. हे खुशीत होते. लेकीला शेजारी बसवून त्यांनी सगळं जेवण वर्णन करून सांगितलं, फोडणी कशी, मीठ कसं बेताचं, भात कसा मोकळा. ती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत होती आणि मध्ये मध्ये विचारत होती, "आनी आप्पा? आनी काय आवडनं?" पोर खूश होती, पण चोरून खूश होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा किसनदाकडे. आदल्या दिवशी भात होता. आज सुषमाला वाटलं, आप्पांना भाकरी आवडते, तर मंडुव्याची भाकरी पाठवावी. तिकडे ती रोटी म्हणून करतात. पण आमच्या पोरीचा हात तो, परातीत थापलेली, चांगली मोठी, पांडेसऱ्यात करतो तशी.

किसनदाने ताट ठेवलं. ह्यांनी भाकरी उचलली, मोडली नाही. हातात फिरवली. रंग बघताहेत असं मला वाटलं. मग त्यांचं बोट कडेवर एका जागी थांबलं. सुषमा दहा-अकरा वर्षांची असल्यापासून तिच्या भाकरीची एक कड जाड राहते. थापताना ती परात फिरवत नाही, स्वतःचा हात वाकडा करते, आणि अंगाकडची कड राहून जाते. मी किती ओरडले, सुधारलं नाही. हे तेव्हा ती जाड कड आधी तोडून खायचे आणि म्हणायचे, हाई मना वाटानी.

"किसनदा," हे म्हणाले, "यह रोटी किसने बनाई?"

"घर में बनी है, बाबूजी."

"किसके घर में?"

किसनदाने माझ्याकडे पाहिलं. झालं. ताटात अन्न टाकताना मी ह्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. भाकरी ताटात ठेवून हे उठले आणि चपला घालून चालायला लागले.

मी मागे. मनात भांडणाची पूर्ण तयारी. म्हटलं, आता एक शब्द बोलू देत, सात वर्षांचं सगळं बाहेर काढते. हे घराच्या दगडी पायऱ्यांपर्यंत गेले आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मटकन बसले. मी समोर जाऊन कमरेवर हात ठेवला. "हा, आम्हीच खावाडं तुमले. काल बी, आज बी. काय बिघडनं? आभाय पडनं का?"

ह्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोहरीचं नव्हे. मी पहिल्यांदाच ह्यांना असं रडताना बघत होते. माझे हात आपोआप खाली आले.

"तिनं लेकरू गयं आते," हे म्हणाले. "मी खाई टाकं."

मला कळेना. मग तुटक तुटक जे बाहेर आलं ते असं. ह्यांची मोठी बहीण उषाबाई, माझी नणंद. तिला मूल झालं नाही आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, एवढं मला माहीत होतं. पण तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीच्या सणाला माझे सासरे तिच्या गावी गेले होते, ऊन लागून चक्कर आली म्हणून तिच्या घरी दोन घास जेवले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे उषाबाई माहेरी परत आली, आणि सासूबाई मरेपर्यंत सासऱ्यांना तेच ऐकवत राहिल्या. तुम्ही जेवलात म्हणून पोरीची कूस उजवली नाही. सासरे एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. हे तेव्हा लहान होते, पण रोज ऐकत होते.

"मना बा शेवटलोंग त्याच दुखमा गया," हे म्हणाले. "मी ठराई लिधं व्हतं. मना पोरवर असं येवाले नको. सात वरीस पानी बी पिनू नही तिना घरनं. आनी तुम्ही..."

मी तिथेच पायरीवर बसले. सात वर्षं मी ज्याला ताठा म्हणत आले, तो ताठा नव्हताच. माणूस आपल्या लेकीच्या मुलासाठी उपास करत होता, आणि कुणाला सांगत नव्हता. मला इतकं वाईट वाटलं, आणि इतका रागही आला. सांगायचं नाही का बायकोला? पण मीसुद्धा एक गोष्ट पोटात ठेवूनच बसले होते, तेव्हा कुठल्या तोंडाने बोलणार?

वरच्या पायरीवर सुषमा उभी होती. हाताला पीठ. तिने सगळं ऐकलं होतं. ती खाली आली, बापाच्या पायाशी एक पायरी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर पिठाचा हात ठेवला.

"आप्पा, तुम्ही खाधं म्हनीसन काहीच व्हयनं नही. माले लेकरू व्हनार नही. डॉक्टरनी मागला सालच सांगी दिधं."

ह्यांनी गुडघ्यावरचा तिचा हात घट्ट धरला.

"कोठे तरी दखाडूत," म्हणाले. "मुंबईले मोठा डॉक्टर शेतस."

"सगळं दखाडं, आप्पा. आते नही. आम्ही दोन्ही बरा शेतस."

"दीवान काय म्हनस?"

"त्यानीच सांगं पहिले, की बास कर, तुना हाल व्हतस."

हे मान हलवत राहिले. खालून भोजनालयातल्या भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी दीवानला हाक मारत होतं. मग ह्यांनी एक प्रश्न विचारला आणि मला वाटतं, तो त्यांनी लेकीला नाही, भलत्याच कुणाला तरी विचारला.

"मंग मना बानी बी... उषाबाईनं बी... त्याना खावामुये नही व्हयनं ते?"

"नही, आप्पा," सुषमा म्हणाली. "आजाबानी काहीच करं नही. त्यास्ले भूक लागनी व्हती, ते जेवनात."

त्यावर हे असे काही रडले की मी इकडेतिकडे बघायला लागले, गल्लीतलं कुणी येतंय का म्हणून. स्वतःच्या बापासाठी रडत होते, लेकीसाठी रडत होते, सगळं एकदमच. सुषमाने त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं आणि एखाद्या लेकराला थोपटावं तसं थोपटत राहिली. मीही रडले. मी म्हणजे काय, मला निमित्त लागत नाही.

थोड्या वेळाने हे उठले, नाक पुसलं आणि पायऱ्या चढून वर गेले. आम्ही मागोमाग. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. उंबऱ्याच्या आत पाऊल पडेना. कळलं सगळं होतं, पटलंही असेल, पण सात वर्षांची सवय पायात होती. आमच्या ह्यांना रीत मोडायलासुद्धा कुठलीतरी रीत लागते, हे मी जाणून आहे. सुषमाचा चेहरा मात्र उतरत चालला होता, आता हे परत फिरणार म्हणून.

"घरमा लेकरू पायजे, तवयच जेवानं," हे म्हणाले. "अशीच रीत शे ना, सुषमानी माय?"

"हा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ह्यांनी मागे हात करून सुषमाचं मनगट धरलं.

"मंग शे ना आठे लेकरू. मनं शे."

आणि तिला घेऊनच आत गेले. भिंतीला टेकून मांडी घालून बसले, तिला शेजारी बसवलं. तोवर दीवान वर आला होता, हातात खालचा पळा तसाच. काय झालं ते त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं असावं. त्याने काही न विचारता दोन ताटं घेतली, चुड़कानी वाढली, भात वाढला, आणि सासऱ्यांसमोर गुडघ्यावर बसून ताट ठेवलं. ह्यांनी पहिला घास कालवला आणि सुषमाच्या तोंडात घातला. तिला तो गिळता येईना, रडू आणि घास एकाच वेळी. "हयू हयू," हे म्हणाले, लहानपणी म्हणायचे तसं. मग दुसरा घास स्वतः घेतला.

मी माझं ताट घेऊन खाली बसले, सात वर्षांत पहिल्यांदा बसून. ह्यांनी दोनदा भात मागून घेतला, चुड़कानीची वाटी पुढे केली, आणि ती भरली जात असताना लेकीला विचारलं, "संध्याकायले काय करशी?"